पासष्ट किलोचा नवरदेव

वाडी, नागपूर
२० ऑगस्ट १९७८

चि. जयवंतास,

मामाचे अनेक आशीर्वाद. तू कॅनडाहून पाठवलेली गाडी काल आमच्या गोदामात उतरली. खोके फोडले तर गाडीला चाके नाहीत. मी ट्रकवाल्याचा हात धरला आणि चाके कुठे विकलीस ते आधी सांग म्हणालो. तो बिचारा पोराबाळांच्या शपथा घेऊ लागला. मग तुझ्या मामीने खोक्यावरचे चित्र दाखवले. चित्रातल्या गाडीलाही चाके नव्हती. ट्रकवाल्याला चहा पाजून रवाना केले.

तर खाली रबराचा रुंद पट्टा, पुढे दोन घसरपट्ट्या, अशी ही बर्फावर पळणारी गाडी तू नागपुरास का पाठवलीस, असे मी विचारणार नाही. घोळ तुझ्या मामीचा आहे. आपल्या प्रेमिलाचे मौद्याच्या गणपतरावांच्या चंद्रभानशी जमले, ते तुला कळवलेच होते. राइस मिलवाले घर. मांडवात नवरदेव रुसणार आणि रुसवा काढायला आपण काहीतरी द्यायचे, ही रीत तुला ठाऊक आहे. गणपतराव सहज बोलून गेले, "मौद्यात कोणापाशी नसन असं काही द्या." मामीने ते वाक्य जसेच्या तसे तुला लिहिले आणि तू ते जसेच्या तसे पाळलेस. मौदाच काय, तू पाठवलीस तसली वस्तू अख्ख्या जिल्ह्यात कोणाकडे निघायची नाही.

गणपतराव गाडी बघून इतके खूश झाले, की रुसव्यापर्यंत थांबायलाच तयार नाहीत. डिसेंबरात लग्न आहे, तेव्हा नवरदेव मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत हिच्यावरच बसून येणार. सगळ्या मौद्यात सांगून झाले आहे. आता गाडी चालली नाही तर त्यांचे नाक जाईल, आणि त्यांचे नाक गेले की आपली सोयरीक राहत नाही. प्रेमिलाला पोरगा मनापासून आवडला आहे. म्हणून मला काहीही करून हे निभवायचे आहे.

काल मी स्वतः गोदामाच्या आवारात गाडीवर एक फेरी मारली. कंबर धरली आहे. स्प्रिंगा कशा बसवायच्या ते सविस्तर लिही.

तुझा,
वामनमामा

---

विनिपेग
३ सप्टेंबर १९७८

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. मला वाटले होते की तुम्ही गाडी दिवाणखान्यात ठेवाल. आमच्या वर्कशॉपच्या मालकाने जुनी म्हणून मला दिली, मी धुऊनपुसून पाठवली. ती कोणी चालवील असे माझ्या स्वप्नातही नव्हते.

आता चालवायचीच आहे तर नीट ऐका. बर्फ नसला की पट्ट्याच्या आतल्या रुळांवरचे प्लॅस्टिक तापून वितळते. तेव्हा खाली काहीतरी घसरते हवे आणि ते सतत ओले हवे.

पुढच्या घसरपट्ट्यांवर कमानपाटे आहेत, आपल्या ट्रकला असतात तसेच, फक्त लहान. त्यांना हात लावू नका. मागे पट्ट्याच्या आत डावी-उजवीकडे एकेक जाड स्प्रिंग आहे. प्रत्येकीचे टोक एका छोट्या ठोकळ्यावर टेकलेले दिसेल. ठोकळ्याच्या बाजू कमीजास्त उंचीच्या आहेत. पान्याने तो फिरवला की स्प्रिंग घट्ट किंवा सैल होते. जड माणसाला घट्ट, हलक्याला सैल. स्प्रिंग सैल राहिली तर जड माणसाखाली गाडीचे पोट जमिनीला टेकते. फार घट्ट झाली तर हलका माणूस खुळखुळ्यासारखा उडतो.

म्हणून दोन गोष्टी कळवा. चंद्रभानरावांचे वजन किती, आणि त्यांची बसण्याची पद्धत कशी? पुढे झुकून बसतात की मागे रेलून? खड्डा आला की उठतात की बसून राहतात? वेगाने जाणार की हळू?

आपला,
जयवंता

---

वाडी
१८ सप्टेंबर १९७८

चि. जयवंतास,

आशीर्वाद. तुझ्या दोन प्रश्नांनी माझी झोप उडवली.

होणाऱ्या जावयाचे वजन कसे विचारतात, हे आमच्या पिढीला कोणी शिकवलेले नाही. मी मौद्याला गेलो, पाऊसपाणी, धान, मिलचा पट्टा, सगळे बोलून झाले, आणि निघताना चप्पल घालता घालता विचारले. गणपतरावांनी आधी माझ्या चपलांकडे बघितले. मग म्हणाले, पासष्ट किलो. आतून कौशल्याबाईंना, म्हणजे चंद्रभानच्या आईला, जोराचा खोकला आला.

बसण्याची पद्धत म्हणशील तर पोरगा मोकळा आहे. जिथे बसेल तिथे पसरून बसतो आणि मोठ्याने हसतो. वरातीत वेग कसला, दोन पावले चालायचे आणि नाचणाऱ्यांसाठी थांबायचे.

पासष्ट किलो तांदळाचे पोते भरले आणि सीटवर ठेवले. ठोकळे तू लिहिल्याप्रमाणे फिरवून पाहिले. तिसऱ्या खेपेला पोते असे झकास बसले, की हमालांनी टाळ्या वाजवल्या. घसरत्या वस्तूची सोयही झाली. गणपतराव मिलमधला धानाचा कोंडा ट्रक भरून देणार आहेत. रस्त्यावर अंथरायचा आणि ओला करायचा.

आता दसऱ्याला गाडीची पूजा करतो. तुझी आठवण निघतेच.

वामनमामा

---

विनिपेग
३० सप्टेंबर १९७८

ती. मामांस,

सा. नमस्कार. पोते बसले याचा आनंद आहे, पण वरात पोत्याची नाही. पोते श्वास घेत नाही आणि पसरून बसत नाही. खुद्द चंद्रभानरावांना बसवून पाहा. बसल्यावर मागची बाजू तीन बोटे खाली जायला हवी. जास्त गेली तर ठोकळा त्याहून उंच बाजूवर घ्या. पाच मिनिटांचे काम आहे.

एक शंका विचारतो, रागावू नका. मामीने लग्न ठरल्यावर फोटो पाठवला होता. त्यात चंद्रभानराव उभे आहेत आणि मागे राइस मिल आहे म्हणे. मला मिल दिसली नाही.

जयवंता

---

वाडी
२० ऑक्टोबर १९७८

चि. जयवंतास,

आशीर्वाद. तुझे पत्र हाती पडले तेव्हा उशीर झाला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीलाच गाडीची पूजा झाली. मौद्याची मंडळी झाडून आली होती. कौशल्याबाईंनी खाप्याच्या एका महाराजांकडून मंतरलेला धागा आणला होता. पोराला अपघात होऊ नये म्हणून. त्यांनी मला विचारले, हिच्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा कोणती? मला तुझी विद्या ताजी होती. मी वाकून ते दोन ठोकळे दाखवले आणि म्हणालो, बाई, सगळा माणूस इथे तोलला जातो. त्यांनी दोन्ही ठोकळ्यांना धागा गुंडाळला आणि सात-सात गाठी मारल्या. अक्षता पडेपर्यंत सोडायचा नाही, अशी महाराजांची आज्ञा आहे.

मग चंद्रभान बसला. गाडीच्या पोटातून असा आवाज आला, की बँडवाले गप्प झाले. पट्टा जमिनीला चिकटला आणि घसरपट्ट्यांनी आकाशाकडे तोंड केले. पोरगा मात्र हसत होता. त्याला आमच्या मालाच्या काट्यावर उभा केला. ब्याण्णव भरला. गणपतराव म्हणाले, पासष्ट तर होता, कधी ते त्यांना आठवेना.

ठोकळा आता फिरवता येत नाही. तेव्हा सर्वांनी बसून विचार केला. स्प्रिंग लोखंडाची, ती काय कमी होणार. माणूस कमी होतो. गाडी पासष्टला लागलेली आहे, तर चंद्रभानला पासष्टवर आणायचे. दसऱ्यापासून काम सुरू केले आहे. सकाळी कन्हानच्या काठाने पळणे, दुपारी मुगाचे पाणी, रात्री त्याच मुगाचे उरलेले पाणी. दर रविवारी तो धानाच्या ट्रकमधून वाडीला येतो आणि पोत्यांबरोबर तोलला जातो. आजूबाजूच्या गोदामांतली माणसे बघायला जमतात. पहिल्या रविवारी दोन किलो उतरला तेव्हा पेढे वाटले. त्याला दिला नाही.

वामनमामा

---

विनिपेग
१ नोव्हेंबर १९७८

ती. मामांस,

हात जोडून विनंती आहे, हे थांबवा. तो ठोकळा कंपनीने फिरवण्यासाठीच बसवला आहे. या देशात माणूस जाड झाला की पाना काढतात. आमच्याकडे एक गिऱ्हाईक येतो, तो चंद्रभानरावांच्या दीडपट आहे. त्याला आम्ही मूग सुचवला नाही.

धागा कापा. महाराजांना माझा पत्ता द्या, जो काही कोप व्हायचा तो विनिपेगला होऊ द्या. आणि निदान त्या माणसाला पेढा तरी द्या.

जयवंता

---

वाडी
१४ नोव्हेंबर १९७८

प्रिय जयवंता भाऊ,

नमस्कार. तुझं पत्र बाबांनी वाचलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. कॅनडाच्या हवेत माणसाची श्रद्धा पातळ होते, एवढंच म्हणाले. म्हणून मी लिहिते आहे, बाबांना न सांगता.

मला चंद्रभान का आवडले ते तुला सांगते. बघायला आले तेव्हा आमच्या खुर्चीचा पाय मोडला. दुसरा कोणी असता तर शरमला असता. हे खाली बसले, तिथेच पोह्यांची बशी मागितली आणि आईला म्हणाले, खुर्चीपेक्षा पोहे मजबूत झाले आहेत. घरभर हसू झालं. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, की आयुष्य काढायचं तर या माणसासोबत.

तो माणूस आता राहिला नाही. परवा रविवारी एक्क्याऐंशी भरले. बाबा आणि गणपतराव एकमेकांच्या गळ्यात पडले. हे काट्यावरून उतरून पोत्याच्या कडेला टेकले, अगदी कडेला, जणू पोतं मोडेल. बाबा मला म्हणाले, बघ, जावयाला कसा भारदस्तपणा आला. मी पाणी घेऊन गेले तेव्हा विचारलं, "तुमी हसत काहून नाही आता?"

"हसलो का भूक लागते."

मग ते खाली बघत म्हणाले, "मी कमी होऊन राहिलो अन् सारे खूश होऊन राहिले. पुरा सरलो तरी पेढे वाटतीन हे. मले नाही पायजे हे लग्न. लग्नाच्या आधी बाबाले सांगून देतो." माझ्याबद्दल राग नाही म्हणाले. पण मला बघितलं की त्यांना तो काटा आठवतो.

भाऊ, मला हे लग्न हवं आहे. मला ते हवे आहेत, जेवढे होते तेवढे. तू मला ब्याण्णवची जागा सांग. एक्क्याऐंशीची सांगू नकोस, पासष्टची तर मुळीच नको. पाना कुठला, फिरवायचं कुणीकडे, सगळं लिही. बाबांच्या नावे पाठवू नकोस, शेजारच्या यमुताईंच्या पत्त्यावर पाठव. धाग्याचं मी बघते.

प्रेमिला

---

विनिपेग
२५ नोव्हेंबर १९७८

प्रिय प्रेमिला,

पाना सीटखालच्या कातडी पिशवीत आहे. ज्याचं तोंड वाकडं आहे तो घे.

आधी दोघांनी गाडी मागून उचलून धरायची, म्हणजे स्प्रिंग मोकळी होते. न उचलता फिरवायला गेलीस तर बोटं सांभाळ. ठोकळा सगळ्यात उंच बाजूवर आण. डावीकडे जेवढा, उजवीकडेही तेवढाच, नाहीतर गाडी एका अंगावर चालेल. पुढे आत एक जाड पट्टा आहे, त्याला भोकं आहेत. तो एक भोक सैल सोड. वजन मागे येईल, घसरपट्ट्या कोंड्यात रुतणार नाहीत. तू मागे बसणार असशील तरी हीच जागा ठेव. वरात हळू चालते, उड्या मारायच्या नाहीत, तेवढ्यात निभेल.

मग त्यांना बसव. दोन्ही पाय गाडीवर हवेत. लोक भीतीने पाय जमिनीला लावून ठेवतात आणि मग किती खाली गेली ते खरं कळत नाही.

मला इथे दररोज चार माणसं भेटतात ज्यांची गाडी त्यांना बसत नाही. चंद्रभानराव पहिले, ज्यांना लोकांनी गाडीला बसवायला घेतलं. पत्र वेळेवर पोचू दे एवढीच प्रार्थना करतो, आणि ती मी मनापासून करतो आहे, हे पुढेमागे बाबांना सांग.

जयवंता

---

वाडी
१२ डिसेंबर १९७८

चि. जयवंतास,

अनेक आशीर्वाद. प्रेमिलाचे लग्न थाटात पार पडले. तू नव्हतास, पण तुझे नाव सगळ्यांच्या तोंडी होते, विशेषतः बँडवाल्यांच्या.

शेवटच्या रविवारी चंद्रभान ऐंशीवर अडला होता. पासष्ट कुठे आणि ऐंशी कुठे. गणपतराव डोक्याला हात लावून बसले. मी म्हणालो, आता देवावर सोडा. आणि देवाने ऐकले. लग्नाच्या दिवशी देवळापाशी नवरदेव गाडीवर बसला, पाय वर घेऊन, अगदी ऐसपैस, आणि गाडी टेकली नाही. मी स्वतः वाकून बघितले. धागा जागच्या जागी, सातही गाठी शाबूत. याला म्हणतात प्रताप. तुझ्या कंपनीला कळव, की ठोकळ्याबरोबर धागाही देत जा.

गाडी निघाली. पट्ट्याने मागे असा कोंडा उडवला, की गणपतराव पांढरे दिसू लागले. एका वळणावर ती फिरली तेव्हा बँड मागे आला. क्लॅरनेटवाल्याने फुंकले तर आतून ओला कोंडा निघाला. पुढच्या दोन गल्ल्या नुसता ढोल वाजला. मांडवाच्या दारात धूर काढून गाडी बंद पडली. ती अजून तिथेच आहे. बाया येता-जाता कुंकू लावतात.

रुसव्याच्या वेळी आम्ही विचारले, काय पाहिजे? पोरगा म्हणाला, काही नको, आणि इतका हसला की भटजींनाही हसू आवरेना. मागचा भारदस्तपणा जरा उतरला आहे, पण चालायचेच.

एक गोष्ट मात्र कळत नाही. वऱ्हाड परत निघताना मी सवयीने त्याला काट्यावर उभा केला. पंचाऐंशी. मी काटा दुरुस्तीला दिला आहे.

वामनमामा

---

मौदा
२० डिसेंबर १९७८

प्रिय जयवंता भाऊ,

बाबांनी तुला प्रताप कळवलाच असेल. त्यांना तसंच राहू दे.

तुझं पत्र लग्नाच्या पाच दिवस आधी मिळालं. मी सरळ मौद्याला गेले. लग्नाआधी नवरी सासरी गेली म्हणून लोक काय म्हणतील ते म्हणोत. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या पोराचे शब्द मी त्यांना जसेच्या तसे सांगितले, कमी होऊन राहिलो, सारे खूश होऊन राहिले. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग उठल्या, चुलीवर भात टाकला आणि म्हणाल्या, "मीच बांधला, मीच सोडीन. महाराजाले लेकरू नाही, त्याले काय समजते."

दुसऱ्या दिवशी बाबा पत्रिका वाटायला गेले होते तेव्हा त्या वाडीला आल्या. त्यांनी गाठी सोडल्या. माझी आई आणि त्या, दोघींनी पदर खोचून गाडी मागून उचलली. मी खाली आडवी होऊन पाना लावला. पहिल्यांदा सटकला. दुसऱ्यांदा ठोकळा कट्कन उंच बाजूवर चढला, मग दुसरीकडचा. तू सांगितलंस तसा पुढचा पट्टाही सैल केला. मला इतका आनंद झाला, की तोंडाला ग्रीस लागलं आहे हे कोणी सांगेपर्यंत कळलं नाही.

ते आईला पोचवायला म्हणून सोबत आले होते, बाहेर उभे होते. लग्न नको हे त्यांनी घरी अजून सांगितलं नव्हतं. त्यांना आत बोलावलं आणि बसा म्हटलं. ते नको म्हणाले. त्यांना वाटलं, पुन्हा तो आवाज येईल. मी ऐकलं नाही. तेव्हा ते बसले, पण श्वास धरून, दोन्ही पाय जमिनीवर रोवून. दोन महिने ते असेच बसत होते, भाऊ. पाटावर, ओट्यावर, सगळीकडे अर्धे.

"पाय वर घ्या," मी म्हटलं. "पुरे बसा."

"टेकन ना."

"नाही टेकत. बसा तुमी पुरे."

त्यांनी एक पाय उचलला. थोड्या वेळाने दुसरा. गाडी जराशी खाली गेली आणि तिथेच राहिली. ते ऐकत होते, काही मोडतं का. काहीच मोडलं नाही. मग त्यांनी सगळं अंग सोडून दिलं आणि रडायला लागले. आमच्या आया भिंतीकडे तोंड करून, ठोकळ्यांवर पुन्हा चढवायच्या धाग्याला सात-सात गाठी मारत बसल्या.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती भरलो असन आता मी?"

मी म्हटलं, "सरका थोडे पुढं," आणि त्यांच्या मागे बसले.

प्रेमिला